नोटेवरचा देश आणि पाहुण्याच्या वहीतला देश

मैत्रिणींनो, भाजीवाल्याला वीस रुपयांची नोट आपण दिवसातून एकदा तरी देतोच. पण ती उलटी करून नीट पाहिली आहे का कधी? हिरवट-पिवळ्या रंगाची, २०१९ साली निघालेली ही नोट. तिच्या मागच्या बाजूला आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली वेरूळची लेणी आहेत. डावीकडे पंधरा भाषांमध्ये नोटेची किंमत लिहिलेली असते. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या त्या यादीत मराठी बरोबर आठवी, म्हणजे अगदी मधोमध! वर सात, खाली सात. हिंदी आणि इंग्रजी दर्शनी बाजूला वेगळ्या, म्हणजे एकूण सतरा भाषा झाल्या. एवढ्याशा कागदावर केवढा संसार मांडलेला असतो, पाहा.

हा विषय डोक्यात यायला कारण झाले ते आठवीच्या वर्गातल्या एका मुलीचे. मी सकाळच्या शाळेत दोन-तीन तास इतिहास-भूगोल शिकवते. परदेशी प्रवाशांनी भारताविषयी काय लिहिले, हा भाग चालला होता. ती उठून म्हणाली, “बाई, आपल्या नोटांवर सगळं किती छान छान आहे! मग बाहेरचे लेखक येऊन आपल्याबद्दल वाईटच का लिहितात? ते खोटं लिहितात, की आपण खोटं छापतो?”

प्रश्न लहान, पण उत्तर सोपे नाही. आपल्या मुलांनी आपल्या देशाकडे कसे पाहावे, हाच तर तो प्रश्न आहे. म्हणून म्हटले, हा विषय तुमच्यापुढेच मांडावा.

नोट म्हणजे दिवाणखाना

पाहुणे यायचे म्हटले की आपण काय करतो? पलंगपोस बदलतो, पितळेची समई घासून ठेवतो, पसारा आतल्या खोलीत ढकलतो. नोट म्हणजे देशाचा असा आवरलेला दिवाणखाना. जे चांगले, जे मिरवावेसे वाटते, ते तिथे मांडायचे. त्यात खोटे काही नाही, पण ते सगळे घरही नव्हे.

हा दिवाणखाना काळाप्रमाणे बदलत जातो, हे पाहणे मोठे मौजेचे आहे. आपल्या आईच्या संसारातल्या नोटा आठवा. पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी, दोनाच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह, शंभराच्या नोटेवर हिराकूड धरण आणि एक रुपयाच्या नोटेवर समुद्रातून तेल काढणारे ‘सागर सम्राट’. नव्या संसारात जिने-तिने शिलाईचे यंत्र आणि मिक्सर मिरवावा, तसा नवा देश धरणे आणि यंत्रे मिरवत होता. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर बसलेले गांधीजी आले, त्यांच्यामागे आपला वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम होता. १९९६ पासून सगळ्याच नोटांवर गांधीजींचा चेहरा येऊ लागला. आणि २०१६ नंतरच्या मालिकेत पुरातन वास्तूंचा मान वाढला. दहावर कोणार्क, पन्नासवर हंपीचा रथ, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. दोन हजारांच्या नोटेवर मंगळयान होते, पण ती नोट २०२३ च्या मे महिन्यात चलनातून मागे घेण्यात आली.

शंभराची जांभळट नोट मात्र आपण बायकांनी जरा जास्त प्रेमाने पाहावी. तिच्यावर गुजरातमधील पाटणची ‘राणी की वाव’ आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. अकराव्या शतकात राणी उदयमतीने आपल्या पतीच्या, राजा भीमदेवाच्या, स्मरणार्थ ती बांधवली असे सांगतात. राजाने राणीसाठी बांधलेली वास्तू सगळ्या जगाला ठाऊक आहे, राणीने राजासाठी बांधलेली ही वास्तू कितीजणींना माहीत होती? शतकानुशतके ती सरस्वती नदीच्या गाळाखाली बुजून गेली होती. विसाव्या शतकात ती उकरून काढली, २०१४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि २०१८ पासून ती तुमच्या-माझ्या पर्समध्ये आहे.

वही घेऊन आलेले पाहुणे

आता पाहुण्यांकडे वळू या. बाहेरून आलेला कादंबरीकार दिवाणखान्यात शहाण्यासारखा बसून राहत नाही. त्याची नजर पडद्याआड जाते. मोरीतल्या भांड्यांपासून भिंतीच्या ओलीपर्यंत सगळे तो टिपून ठेवतो. ती त्याची सवयच.

अमेरिकेचा विनोदी लेखक मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईला उतरला. का आला होता, ठाऊक आहे? कर्ज फेडायला! त्याची प्रकाशन संस्था १८९४ साली बुडाली होती. देणेकऱ्यांची पै न् पै चुकती करायची म्हणून साठीला आलेला हा माणूस जगभर व्याख्याने देत फिरला आणि १८९८ पर्यंत त्याने सगळे कर्ज फेडले. या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८९७ साली निघाले. त्यात मुंबईचे रंग आहेत, गर्दी आहे, आणि हॉटेलच्या सज्जात येऊन आगाऊपणे गप्पा मारणारे कावळेसुद्धा आहेत. पण त्याचा एक नोकर होता, त्याचे नाव काही साहेबाच्या तोंडी बसेना. तेव्हा त्याने सरळ त्याला ‘सैतान’ असे नाव ठेवून दिले! वाचताना हसू येते आणि मागोमाग थोडे टोचतेही. पाहुणा किती का प्रेमळ असेना, यजमानाचे नाव शिकायचे कष्ट तो घेतोच असे नाही.

दुसरे व्ही. एस. नायपॉल. त्यांचा जन्म १९३२ साली त्रिनिदादमध्ये झाला. मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांच्या घराण्यातले ते. म्हणजे पाहुणा म्हणावा तर घरचा, घरचा म्हणावा तर पाहुणा. १९६२ साली ते मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा इथे दारूबंदी होती. त्यांच्या बाटल्या जप्त झाल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी या कचेरीतून त्या कचेरीत खेटे घालण्यातच त्यांचे भारतदर्शन सुरू झाले. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी उघड्यावरची घाण आणि ती दिसूनही न पाहणारे आपण, यावर असे कोरडे ओढले की वाचणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. लोक चिडले. चिडणारच! आपल्या मुलाला आपण दिवसभर रागवू, पण शेजारणीने एक शब्द बोललेला खपतो का आपल्याला?

पण त्यांचे १९९० चे पुस्तक वाचा. त्याची सुरुवातही मुंबईतच होते, ती आंबेडकर जयंतीला बाबासाहेबांना वंदन करायला लोटलेल्या गर्दीपासून. तोच लेखक, तेच शहर. पण सव्वीस-सत्तावीस वर्षे पुनःपुन्हा येऊन, माणसांजवळ बसून, त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर त्याला घाणीपलीकडची जागी होणारी माणसे दिसली. पहिल्या भेटीत पाहुण्याला पसारा दिसतो. माणसे दिसायला मुक्काम लागतो.

देवासची टेकडी

मुक्कामावरून मला सर्वांत आवडलेल्या पाहुण्याची आठवण येते. ई. एम. फॉर्स्टर, ‘अ पॅसेज टु इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीचे लेखक. त्यांचे आणखी एक पुस्तक आहे, ‘द हिल ऑफ देवी’. १९५३ साली निघाले. आईला आणि मित्रांना लिहिलेली पत्रे, असे त्याचे साधे रूप. आणि ही ‘देवीची टेकडी’ कुठली? इंदूरजवळच्या देवासची!

देवास हे आपल्या मराठी पवारांचे संस्थान. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांमुळे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. गावाच्या डोक्यावर टेकडी, आणि तिच्यावर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. तुळजापूरची आई माळव्यात मराठ्यांबरोबर गेली, ती तिथलीच होऊन राहिली.

थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव पुढे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून आले. फॉर्स्टर प्रथम १९१२ च्या नाताळात देवासला गेले आणि १९२१ साली काही महिने महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिले.

पहिल्या भेटीतले एका मेजवानीचे पत्र तर तुम्ही जरूर वाचावे. साहेबांना देशी पोशाख घालून पाटावर बसवले आणि समोर ताट आले. त्यांनी काय करावे? पत्रात ताटाचा नकाशा काढला, पदार्थांना आकडे घातले आणि एकेकाचे वर्णन केले! भाताच्या एकामागून एक मुदी, त्यातली एक गोड, बेदाणे घातलेली. आपण लगेच म्हणू, अगं, हा तर साखरभात! तपकिरी रंगाचे गोड गोळे म्हणजे लाडूच असणार. आणि तीन छोट्या छोट्या पदार्थांनी त्यांच्या जिभेची आग आग केली. ती आपल्या ताटाची डावी बाजू, चटणी-लोणच्याची, आणखी काय! साहेबाला नावे ठाऊक नव्हती, पण नजर किती बारीक! ज्या ताटाला आपण रोजचे म्हणून कधी लिहून ठेवले नाही, ते ११० वर्षांनंतर आज आपल्याला दिसते, ते या पाहुण्यामुळे.

१९२१ च्या गोकुळाष्टमीचेही असेच. जुन्या राजवाड्यातला तो अनेक दिवस चाललेला उत्सव, भजने, गोंगाट, फुलांचा आणि दिव्यांचा पसारा. त्यांना तो सौंदर्यदृष्टीने गबाळा वाटला, तसे त्यांनी लिहिलेही. पण कर्जाने, काळजीने गांजलेले महाराज देवापुढे नाचताना पाहून ते हलले. पुढे ‘पॅसेज’च्या शेवटच्या भागात हाच उत्सव आला. त्यात भजन करणाऱ्या प्राध्यापकाचे आडनाव काय, तर गोडबोले! आणि त्याच्या तोंडी नाव कोणाचे, तर तुकारामाचे.

महाराजांवर फॉर्स्टरांचा फार जीव होता. पण त्यांनी संस्थानचा गलथानपणा लपवला नाही. अर्धवट बांधून पडलेला नवा राजवाडा, कोरड्या हवेने तडकलेले आणि वाजेनासे झालेले पियानो, पैशाला पैसा लागू नये असा कारभार. अखेर १९३३ साली कर्जाने आणि इंग्रज सरकारच्या तगाद्याने बेजार झालेले महाराज तीर्थयात्रेच्या नावाखाली निघाले, ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७ साली तिथेच वारले. एकीकडे कर्ज फेडायला जग फिरणारा मार्क ट्वेन, दुसरीकडे कर्जापायी गाव सोडणारा राजा.

आणि आता गंमत ऐका. ज्या देवासच्या तिजोरीत खडखडाट होता, त्याच देवासला १९७४ साली बँक नोट प्रेस सुरू झाला! आपल्या नाशिकरोडसारखाच. देशाच्या नोटा तिथे छापतात आणि त्यांना लागणारी खास शाईही तिथल्याच कारखान्यात तयार होते. फॉर्स्टर देवासला होते तेव्हा हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. नाशिकला छपाई सुरू झाली ती १९२८ साली. म्हणजे पन्नास-साठ वर्षांत काय उलथापालथ झाली पाहा. टेकडी तीच, देवी त्याच, पण गावाची पत बदलली.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले. फॉर्स्टरांनी लिहिले ते खोटे नव्हते. आणि देवास पुढे बदलले, हेही खोटे नाही. पाहुण्याच्या वहीत त्या दिवशीचे घर असते. घराने पुढे काय करायचे, ते घरच्यांच्या हातात असते.

नोटेवरचा चष्मा

उरलेले अर्धे उत्तर नोटेवरच आहे. २०१६ नंतरची कोणतीही नवी नोट घ्या आणि मागे पाहा. गांधीजींचा गोल चष्मा आणि स्वच्छतेचा संदेश दिसेल. नायपॉलनी १९६४ साली जे लिहिले म्हणून आपण लालबुंद झालो, त्याच उणिवेची आठवण आज आपण स्वतः आपल्या नोटेवर छापली आहे! आणि नायपॉलनीही कबूल केले होते की ही घाण त्यांच्याआधी एका भारतीयाने स्वच्छ नजरेने पाहिली होती, आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनी. पुढे तर ते स्वतः झाडू घेऊन उभे राहिले. पाहुण्याने दाखवावे, आपण चिडावे, आणि पन्नास वर्षांनी तेच मान्य करावे, यात किती वेळ गेला! चिडण्याऐवजी केरसुणी उचलली असती तर?

आपणही कुणाच्या घरी पाहुण्या

पण परदेश्यांनीच आपल्याबद्दल लिहावे असे थोडेच आहे? पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. त्या कादंबरीकार नव्हत्या, पण १८८९ साली त्यांनी त्या देशाची लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिले. तिथली शाळा-कॉलेजे, ग्रंथालये, बायकांच्या संस्था यांचे त्यांनी तोंडभरून कौतुक केले. पण काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना तिथे कसे वागवतात आणि बायकांना कोणते हक्क अजून नाहीत, तेही सांगायला त्या कचरल्या नाहीत.

योगायोग असा की त्याच १८८६ च्या मालिकेतल्या अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर एका बाईचे चित्र होते, पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन यांचे. नोटेवर बाईला मखरात बसवले होते, पण सबंध देशभर बायकांना मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडावे लागले. नोटेवरचे चित्र आणि घरातली स्थिती यांतले अंतर काही एकट्या आपल्याच देशात नाही. ते दाखवायला तिथे आपली एक मराठी बाई गेली होती, हे मुलींना जरूर सांगा.

आणखी एक लक्षात येते. ट्वेन काय, फॉर्स्टर काय, या पुरुष पाहुण्यांना आपल्या माजघरात प्रवेश नव्हता. देवासच्या राण्या पडद्यात होत्या. ते ताट कोणी रांधले, साखरभाताला पाक कोणी केला, हे त्या नकाशात नाही. नोटेवरही ते नाही. दिवाणखाना नोटेने दाखवला, पसारा पाहुण्याने लिहिला, पण स्वयंपाकघराची हकीकत रमाबाई रानड्यांनी, लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिली म्हणून कळली. आपण लिहिले नाही तर ती राणीच्या विहिरीसारखी गाळाखालीच राहते.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवते ना? पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे कळले आणि घरोघरी तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घड्यांतून बायकांची शिल्लक बाहेर निघाली. नवऱ्याला ठाऊक नसलेली, मुलीच्या फीसाठी, आजारपणासाठी पै-पै करून साठवलेली. चलनाच्या इतिहासात ती तारीख राहील, पण त्या डब्यांची हकीकत कोण लिहिणार? तुम्हीच ना?

मुलांबरोबर करून पाहा

शेवटी थोडे कामाचे. सुट्टीत एखाद्या दुपारी दहापासून पाचशेपर्यंतच्या नोटा मुलांपुढे ठेवा. मागची चित्रे ओळखायला लावा आणि ती ठिकाणे नकाशावर शोधू द्या. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांच्या कडेच्या तिरक्या उठावदार रेघा डोळे मिटून बोटांनी चाचपायला सांगा. शंभरावर चार रेघा, दोनशेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर पाच रेघा. दृष्टिहीनांसाठी ती सोय आहे, हे मुलांना कळले म्हणजे नोट दुमडताना, चुरगळताना त्यांचा हात आपोआप अडेल. नोटेचा कागद कापसापासून करतात, म्हणून खिशात राहून धुतली गेली तरी ती बहुधा वाचते. फाटलीच तर चिकटपट्टी लावून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. बँकेत नियमाप्रमाणे बदलून मिळते.

मग मुलांना दोन कागद द्या. एकावर त्यांनी आपल्या गावाची नोट काढावी, मिरवावेसे वाटेल ते सगळे घालून. दुसऱ्यावर, आज प्रथमच गावात आलेल्या पाहुण्याने आपल्या आईला लिहावे तसे पत्र लिहावे, दिसेल ते खरे खरे. माझ्या वर्गाने हे केले. नोटेवर देऊळ, शाळा आणि नवा पूल आला. पत्रात त्याच पुलाखालचा कचरा आला. त्या मुलीने विचारले, “बाई, यातला खरा कागद कोणता?” मी म्हटले, “दोन्ही. दोन्ही जवळ ठेव, आणि मोठी झालीस की दुसऱ्या कागदावरचं थोडं थोडं पहिल्यावर न्यायचा प्रयत्न कर.”